आत्याला मानवलेला पिकअप
सोल्डरिंगच्या तापलेल्या राळेचा वास आला की मला नगरमधलं दुरुस्तीचं ते चिंचोळं दुकान आठवतं; पत्र्याच्या फटीतून दुपारचं ऊन आत उतरायचं आणि त्यात निळसर धूर तरंगत राहायचा. घरातला पहिला पदवीधर मी, पण अक्षरांआधी मला पाठ झाली ती आत्याची गाणी. मिरजगावच्या आमच्या गायन पार्टीत ती भीमगीतं गायची आणि मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. एका वर्षी ती म्हणाली, "तुझी गिटार लई टोचती रं कानाला. जयंतीला मी न्हाई गानार." म्हणून गिटारच्या ब्रिजजवळचा, तारांचा आवाज उचलणारा पिकअप बदलायला मी त्या दुकानात तिलाच सोबत नेलं. दुकानातल्या मिस्त्रींनी एक जोडून दिला. त्याचा लख्ख आवाज मला फार आवडला. "नुसती वाजवून काय कळतंय? बाईंना गाऊ द्या," ते म्हणाले. "हितं? लोकं हसत्याल," म्हणत आत्यानं पदर सावरला आणि ती गायली, पण गिटारच्या वर आवाज चढवताना तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मग त्यांनी दुसरा जोडला. पितळी घागरीत घुमावा तसा तो ऊबदार वाजला. आत्याचे डोळे मिटले, आवाज हळूहळू खाली उतरला आणि दुकान विसरून ती गातच राहिली. "ह्योच घ्यायचा का?" मी विचारलं. डोळे न उघडता ती म्हणाली, "थांब की, कडवं पुरं हुंदी." आता मी परगावी एकटाच वाजवतो, तरी गिटारचं बटण त्या पिकअपवर आणलं की बोटं आपोआप हलकी होतात आणि तिच्या कडव्यापुरती जागा सोडतात.