अनंताने अर्धी सोडलेली आखणी

आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली कुणी मला विज्ञान शिकवायला नको... मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. रोह्यात आमच्या घरी देव्हारा नव्हता, सायक्लोस्टाइल मशीन होतं. बाबा धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट करायचे आणि उरलेल्या वेळात करणी, उतारे, अंगात येणं यांच्याविरुद्ध पत्रकं छापायचे. माझं नाव क्रांती ठेवलं ते उगीच नाही. आठवीत असताना मी कोलाडच्या नाक्यावर उभी राहून ती पत्रकं वाटली आहेत. या सदरातले अनुभव आजवर मी वाचायचे ते फक्त त्यांतली चूक शोधायला.

आता माझाच लिहिते. चूक शोधा. खरंच शोधा — मला ती हवी आहे.

लग्न करून मी पेणला आले. माझा नवरा अनंता याचा गणपतीचा छोटा कारखाना आहे आणि तो स्वतः आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. सगळ्यात शेवटचं, सगळ्यात अवघड काम. श्वास रोखून ओढायची रेघ. आमच्या कारखान्यात सासऱ्यांपासून एक रीत आहे. दोन्ही डोळे एकाच माणसाने, एकाच बैठकीत रेखायचे. दुसरा डोळा झाल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही. आणि तो झाला की लगेच उठायचं, त्या मूर्तीला पुन्हा हात लावायचा नाही. मी याला कामाची शिस्त म्हणायचे. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, याला काहीच म्हणायच्या नाहीत, फक्त पाळायच्या.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून एक उपक्रम सुरू केला — 'दोघांची आळी'. रविवारी दुपारी सहा जोडप्यांना मूर्तिकारांच्या आळीतून फिरवून आणायचं. माती कशी मळतात, साचे कसे भरतात ते दाखवायचं. मग एका पायरीपाशी थांबून मी सांगायचे, की इथेच अनंताने कोपरापर्यंत मातीने भरलेल्या हातांनी मला लग्नाचं विचारलं, आणि मी आधी मातीत काय मिसळता ते विचारलं. लोक हसायचे. शेवटी आमच्या कारखान्यात येऊन प्रत्येक जोडप्याने एक छोटी मूर्ती रंगवायची. तिचे डोळे मात्र अनंताच रेखून द्यायचा.

माघी गणपती झाल्यावर मी एक पत्रक लिहिलं. प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध, खाडीच्या बाजूने. त्यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे. पण आमच्याच कारखान्यात निम्म्या मूर्ती प्लास्टरच्या होत्या, आणि ते पत्रक मी अनंताला न दाखवता आळीत वाटलं. संध्याकाळी चार कारखानदार दारात येऊन त्याला वाटेल ते बोलून गेले. तो पाटावर बसून आखणी करत होता. उजवा डोळा झाला होता.

"एकदा दाखवायचं तरी होतंस, क्रांती," एवढंच तो म्हणाला.

"खरं लिहायला नवऱ्याची परवानगी लागत नाही."

त्याने कुंचला पाण्याच्या वाटीत ठेवला आणि उठला. एक डोळा करून उठला. आई आतून ओरडल्या, "अरे बाबू, बस! पुरं कर नि मग जा कुठं जायचं तिथं!" तो कामाच्या कपड्यांवर बाहेर पडला. फोन फळीवरच राहिला.

मी कुणाला सांगितलं नाही. पोलिसात गेले नाही. बाबांनासुद्धा कळवलं नाही. आळीत मी सांगितलं, ऑर्डरसाठी गोव्याला गेलाय. ज्यांच्याविरुद्ध लिहिलं, त्यांच्यासमोर 'नवरा सोडून गेला' म्हणून उभं राहायचं नव्हतं मला. आई रोज विचारायच्या, "शोधूया ना गो?" मी म्हणायचे, येईल. असे अकरा दिवस गेले.

अकराव्या दिवशी रविवार होता आणि सहा जोडपी ठरल्याप्रमाणे आली. मी त्यांना आळीत फिरवलं. त्या पायरीपाशी उभी राहून ती लग्नाची गोष्ट सांगितली. लोक हसले. एकजण म्हणाला, "आणि हिरो कुठंय?" मी गोव्याचं सांगितलं.

कारखान्यात ती एकडोळी मूर्ती तशीच पाटासमोर होती. आई तिला कुणाला हात लावू देत नव्हत्या. रोह्याची रुबीना नावाची नर्स नवऱ्याबरोबर आली होती. तो कुवेतहून सुट्टीवर आला होता. तिने विचारलं, "ही अशी का ठेवलीय?" मी रीत सांगितली. मग सगळ्यांना मागच्या पडवीत चहाला नेलं. बाराच्या बारा माणसं माझ्यासमोर होती. रविवार, म्हणून कामगार नव्हते. पुढच्या एकमेव दारात आई बसल्या होत्या. पंधरा मिनिटांनी आम्ही परत आलो.

डावा डोळा रेखलेला होता.

ओला. मी बोट लावलं, बोटाला काळा रंग लागला. रेघ अनंताची होती — बाहेरच्या कोपऱ्यात तो जरा जास्त उचलतो, पेणमध्ये दुसरं कुणी तसं करत नाही. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी आधी आईंवर संशय घेतला. पण त्यांचे हात इतके थरथरतात की कपभर चहा सांडल्याशिवाय पिता येत नाही. आणि कुंचला? तो वाटीतच होता. वाटीतलं पाणी कधीच सुकलेलं, केस लाकडासारखे कडक झालेले. दुसरा बारीक कुंचला कपाटात कुलपात, किल्ली माझ्या कमरेला.

टाळ्या न वाजवणारी एकटी रुबीना होती. ती भिंतीवरचा अनंताचा फोटो बघत होती, मग माझे हात बघायला लागली. "ताई, तुम्हा लोकांच्या नखांत हा गुलाबी रंग... निघत नाही का?"

"अंगाचा रंग आहे मूर्तीच्या. नाही निघत."

"आमच्याकडे एक बेवारस पेशंट आहे. निडीजवळ रस्त्याच्या कडेला पडलेला मिळाला, कुठल्यातरी गाडीने उडवून टाकलेला. अकरा दिवस बेशुद्ध. चेहरा सुजलाय, नीट ओळखू येत नाही. पण नखांत हाच रंग. स्पिरिटने पण गेला नाही." तिने चिमूट करून दाखवली. "आणि त्याची बोटं सारखी हलतात. चिमटीत काहीतरी धरल्यासारखी."

निडी रोह्याच्याच रस्त्यावर. म्हणजे तो माझ्या बाबांकडे चालला होता. माझी तक्रार सांगायला असेल, किंवा मला कसं सांभाळायचं ते विचारायला.

रुबीनाच्या नवऱ्याने गाडी काढली. तो अनंताच होता. आम्ही पोचलो तेव्हा शांत पडला होता. हात चादरीवर, निश्चल. ड्युटीवरची नर्स म्हणाली, "आज चारच्या सुमाराला बोटं थांबली." मी पडवीत चहा दिला तोही चारलाच.

डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. रात्रभर मी त्या बोटांकडे बघत होते आणि डोक्यात एकच — दुसरा डोळा झाला की उठायचं. परत हात लावायचा नाही. मी स्वतःला बाबांची सगळी पत्रकं म्हणून दाखवली. उपयोग झाला नाही.

सकाळी बाबांना त्याच्याजवळ बसवून मी पेणला आले, कपडे आणायच्या निमित्ताने. ओलं फडकं घेतलं आणि मूर्तीचा डावा डोळा पुसायला लागले. रंग वाळला होता, घासावं लागलं. आई दारातून बघत होत्या.

"काय करतंस गो?"

"अर्धी ठेवतेय. अर्धी असली तर त्याला जाता येणार नाही."

ज्या बाईच्या प्रत्येक उपासावर मी भाषण दिलं, ती माझ्याजवळ आली, फडकं धरलं आणि हळू म्हणाली, "येडी काय तू? मातीला नि रंगाला काय कळतं? असं काय नसतं गो." मी फडकं ओढून घेतलं आणि डोळा पूर्ण पुसला. पांढरा होईपर्यंत.

मी रोह्याच्या वाटेवर असताना बाबांचा फोन आला. "बोटं हलवायला लागलाय परत," ते म्हणाले. ते रडत होते.

याला आता एकवीस दिवस झाले. तो श्वास घेतो, बोटं हलवतो, डोळे उघडत नाही. कधी वाटतं, मी त्याला वाचवलंय. कधी वाटतं, न विचारता पत्रक वाटलं तसंच न विचारता त्याला इथे अडकवून ठेवलंय — ना जाऊ देत, ना उठू देत. उठायचं म्हणजे जायचंच, असं थोडंच आहे? उठून घरीही येता येतं. पण मूर्ती पुरी होऊ द्यायची हिंमत माझ्यात नाही.

तुम्ही म्हणाल योगायोग. मेंदूला मार लागला की बोटं हलतात, थांबतात, परत हलतात. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. मग तो ओला डोळा कुणी रेखला, तेवढं सांगा.

रोज सकाळी मी त्याच्या खाटेपासून आईंना फोन करते. त्या मूर्तीसमोर जाऊन बघतात आणि सांगतात, "नाय गो, अजून कोराच हाय." आणि कोलाडच्या नाक्यावर पत्रकं वाटलेली मी सुटकेचा श्वास टाकते.