मुलुंडहून आलेलं पोस्टकार्ड

साल त्र्याऐंशी. घाटकोपरच्या चाळीतली वनमाला घाडी चार घरी पोळ्या लाटायची. क्षय निघाला, तेव्हा जवळचा दवाखाना टाळून ती गोळ्यांसाठी मुलुंड गाठू लागली. चाळीत सांगायची, "मावशीकडे जाते." शिमग्याला गावी गेली नि दोन खेपा चुकल्या. दवाखान्याने काळजीपोटी पोस्टकार्ड धाडलं: 'क्षयाच्या गोळ्या न्यायला ताबडतोब या.'

आता चाळीत पोस्टकार्ड म्हणजे फुकटचं वर्तमानपत्रच! ती परतेपर्यंत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत वाचन उरकलं होतं. शेजारच्या सुलक्षणावहिनींनी कार्ड हातात देत विचारलं, "काय गं, मावशी बरी आहे ना?"

चारही घरी तोवर दुसरी बाई लागली होती.

वनमालाने बोरिवलीत खोली घेतली, नवी दोन घरं धरली आणि गोळ्यांसाठी पुन्हा मुलुंडला गेली. कारकून म्हणाला, "नवा पत्ता सांगा."

"साहेब, पत्र नका ना पाठवू."

"चुकलात तर पाठवावंच लागतं, बाई. पत्त्याशिवाय औषध नाही."

ती तशीच परत फिरली.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. नव्या शेजारणी हळहळल्या, "अगोबाई, साधा खोकला तर होता!"