तडजोड स्वखुशीनं केली का?

"आधी म्हाताऱ्याला पाया पडू दे. कागदाचं मागनं बघू."

धाकटे मालक असं म्हणाले अन् त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात, टायपिंगवाल्यांच्या टेबलांपाशी. भवताली पक्षकार, पोलीस, वकिलांचे कारकून. माझा बाप सत्तरीला टेकलेला. मालक तीस-बत्तीसचे. लहानपणी त्यांना खांद्यावर बसवून रानात न्यायचं काम माझ्या बापाचंच.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "पडा आबा. मिटून जाईल."

गुडघे धरतात त्यांचे. एक हात भुईला टेकवला, मग वाकले. कुणीतरी हसलं. मी पिशवी धरून उभी राहिले. मालकानं पाय पुढं केला खरा, पण बापाला वाकायला लावलं ते मी. हे आधीच सांगून टाकते, न्हायतर पुढचं समदं खोटं.

आमचा गुन्हा काय? येळवशीला रानात गेलो.

थंडीतली येळ अमावस्या आमच्याकडं लई मोठी. गावं ओस पडतात, माणसं रानात. कडब्याची खोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, समद्या भाज्यांची भज्जी अन् भाकरी, वर ताकातली अंबील. ज्याला रान न्हाय त्यानं दुसऱ्याच्या रानात जायचं. बोलावणं लागत न्हाय. वाटसरूलाबी हाका मारून जेवायला बसवतात. आमाला वावभर जमीन न्हाय. आबा अठ्ठावीस वर्सं मालकाच्या घरी सालगडी. त्या रानात खोप घालायची ती आबांनीच, पांडवांना चुना लावायचा तो आबांनीच. मी ग्रामपंचायतीत कम्प्युटरवर लागले तवा मीच म्हणाले, आता साल सोडा. त्यांनी सोडलं. मालकाच्या मनात ते सलत होतं. आमच्या ध्यानातच आलं न्हाय.

त्या वर्सीबी आबा सकाळीच अंबिलीचं मडकं घेऊन निघाले. संगं मी. बांधावर मालक मोबाईल धरून उभे. "कुणाच्या परवानगीनं शिरलास रे?" आबा हसले. त्यांना वाटलं, मालक चेष्टा करतेत. "मालक, येळवस हाय की!" म्हणाले अन् पुढं चालू लागले. त्या हसण्याचं शूटिंग झालं. संध्याकाळी ठाण्यातनं फोन. अतिक्रमणाचा गुन्हा. आरोपी एक, माझा बाप. आरोपी दोन, मी.

आमच्या वकिलानं पहिल्याच दिवशी समजावलं. "असल्या केशीला तीन वाटा. गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. न्हायतर फिर्यादीशी तडजोड करा. न्हायतर तारखा खात बसा. इथं बहुतेक लोक पहिल्या दोन वाटांनीच घरी जातात." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "कबुलीनं नावाला डाग लागंल. तुझ्या नोकरीला आडवा येईल. तडजोडच बरी."

माझ्या नोकरीला. बाप वाकला तो कशापायी, आता कळलं का?

कागद टाईप होऊन आला. मला वाचता येतं. दिवसभर दुसऱ्यांचे कागदच वाचते की मी! "आरोपींनी वाईट हेतूने फिर्यादीच्या शेतात प्रवेश केला. आरोपींना पश्चात्ताप झाला आहे. यापुढे सदर शेतात पाय ठेवणार नाहीत." वाचलं, अन् तरी आबांचा अंगठा धरून शाईला लावला. शेजारी माझी सही केली. अक्षर चांगलं आलं. त्याचीसुदिक लाज वाटते.

आमचा पुकारा झाला. जज म्याडमनी कागद बघितला, मान वर न करता इचारलं, "तडजोड स्वखुशीनं केली का? कुणाचा दबाव नाही ना?"

हा प्रश्न त्या दिवशी माझ्यापुढंच चार-पाच जणांना इचारला होता. समद्यांनी माना डोलावल्या अन् घरी गेले. आबांनी हात जोडले. "माझ्या खुशीनं, साहेब." एका तळहाताला अजून माती होती.

मग मला इचारलं.

"न्हाय," मी म्हणाले.

"काय नाही?"

"खुशीनं न्हाय, म्याडम. आत्ता भाईर माझ्या बापाला पाया पडायला लावलं. अन् कागदात लिवलंय तसं आमी वाईट हेतूनं गेलो न्हवतो."

म्याडमनी आता मात्र वर बघितलं. मालकाचा वकील उठला, आमचा वकील दातओठ खात "गप बस" म्हणाला. म्याडम म्हणाल्या, "मग ही तडजोड नोंदवता येणार नाही. केस पुराव्याला." तारीख दिली. माझी पाठ कुणी थोपटली न्हाय. पुढचा पुकारा झाला.

भाईर वकील म्हणाला, "हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास." गावाकडं परतताना येरमाळ्याच्या एसटीत आबा खिडकीकडं तोंड करून बसले. तिकडं बघतच बोलले.

"मी वाकलो ते वाकलोच. तू तेबी वाया घालवलंस."

"न्हाय" म्हणायचं होतं ते मालकानं चप्पल काढली तवा. तवा माझ्या तोंडातनं "पडा" निघालं. बाप वाकून झाल्यावर मला वाचा फुटली. ह्याला मी धाडस म्हणत न्हाय.

आता आमी तारखेला एकाच एसटीनं जातो, पण आबा येगळ्या बाकड्यावर बसतात. मागच्या तारखेला मालकानं कारकुनासंगं निरोप धाडला, "आता पाया पडू नका, नुसती सही करा." मजकूर तोच. मी कागद परत दिला. आबा बघत होते.

माझी पाळी येईल तवा मी समदं सांगणार. आमी गेलो होतो. दिवसाढवळ्या गेलो होतो. अन् बापाला "पडा" म्हणणारी मीच होते, हेबी सांगणार, मालकासमोर, आबांसमोर. नोकरी जायची तर जाऊ दे. गुन्हेगार ठरवायचं तर कोर्टानं निकालात ठरवावं. माझ्या सहीनं ते व्हणार न्हाय.