स्वल्प बरं आहे

महानंदा मूळची निपाणीची. बंगळुरात आल्यापासून ती यशवंतपूरजवळच्या एका प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करते. धाकटी बहीण पवित्रा तिच्याजवळच असते. पवित्राला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटते आणि नसांवरचं आवरण खाते. प्रयोगशाळेत उंदरांना मुद्दाम तसाच आजार देऊन, ती यंत्रणा शांत करणारं नवं औषध तपासलं जात होतं. महानंदा पिंजरे धुतानाही देवाला हात जोडायची. या औषधाला यश येऊ दे, एवढंच मागणं.

रोज प्रत्येक उंदराची चाल पाहून आकडा लिहायचा. शेपटी लुळी पडली तर लहान, मागचे पाय गेले तर मोठा. औषध कोणाला आणि नुसतं मिठाचं पाणी कोणाला, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसे. महानंदा आणि तिचा सहकारी योगीराज, दोघं वेगवेगळं लिहीत.

एकदा प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टर संपदांनी दोघांना बोलावलं. "अक्का, योगीराज म्हणतो पाय गेले, तुम्ही म्हणता जरा अशक्त. प्रत्येक उंदराचं असंच. का?"

"चष्मा बदला, अक्का," योगीराज हसला.

"तू आधी तोंडाला कुलूप घाल." मग संपदांकडे वळून महानंदा म्हणाली, "मॅडम, आमच्यात आजाऱ्याचं वाईट बोलत नाहीत. वास्तू तथास्तु म्हणते. कुणी विचारलं तर स्वल्प बरं आहे, असंच सांगायचं. हाताला तेच वळण लागलं असेल."

"सगळ्यांनाच बरं म्हटलं, तर औषधानं कोण बरं झालं ते कसं कळायचं?" संपदा शांतपणे म्हणाल्या. "तुमचे आकडे या वेळी धरता येणार नाहीत. पुढच्या वेळी नीट द्याल?"

महानंदा पिंजऱ्यांकडे परतली. एक उंदीर पुढच्या पायांवर अंग ओढत होता. तिनं भिजवलेलं खाणं त्याच्या तोंडाशी सरकवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "मागचे दोन्ही पाय गेले." भिंती गप्पच राहिल्या.

संध्याकाळी पवित्रा भिंत धरत दार उघडायला आली. "कालच्यापेक्षा बरी चालते ना गं मी?"

'हो' ओठांवर आलंच होतं. "नाही," महानंदा म्हणाली. "डावा पाय ओढतेयस. परवापासून."

पवित्रा हळूच खुर्चीत बसली. "म्हणजे मला वाटतंय ते खरंच. तू बरं म्हणायचीस, म्हणून मी बोलले नाही."

महानंदानं पायातली चप्पल न काढताच पवित्राच्या डॉक्टरांना फोन लावला.