अक्कांचा उंबरा

सिंधूअक्का आमच्या फिजिओथेरपीच्या ओपीडीत पहिल्यांदा आल्या त्या व्हीलचेअरवर. दारात येताच त्यांनी मुलाला खुर्ची थांबवायला लावली. कमरेला पट्टा असल्यामुळे वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पदर खाली सोडला, त्याचं टोक उंबऱ्याला टेकवलं आणि कपाळाला लावलं. आमच्या दाराला उंबरा कसला, बोटभर उंचीची पत्र्याची पट्टी आहे ती.

"अक्का, दवाखाना आहे हा, देऊळ नाही," मी म्हटलं.

"दार ते शे ना?" अक्का म्हणाल्या.

मी नगरकडची. जळगावात नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते आणि अहिराणी मला निम्मीशिम्मीच कळायची. पण 'दार तर आहे ना' एवढं कळलं, आणि ही बाई आपल्याला सुखाने जगू देणार नाही हेही कळलं.

अक्कांचं गाव धुळ्याजवळचं. ऐन उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, ज्वारीचे पापड, बिबडे, वाळत घालायला चढल्या आणि शिडीवरून पाठीवर पडल्या. मणका मोडला, आतल्या मज्जारज्जूलाही मार बसला. धुळ्यात ऑपरेशन झालं. मग मुलाने, सुभाषभाऊंनी, त्यांना जळगावातच मेहरूणला आपल्या घरी आणलं, आणि दिवाळीनंतर त्या रोज आमच्याकडे येऊ लागल्या. उजवा पाय हळूहळू जागा झाला. डाव्याचं पाऊल मात्र घोट्यापासून खाली लोंबायचं आणि चालताना घासत यायचं. ते पूर्ण सुधारेल याची खात्री नाही, असं मी सुभाषभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं होतं. अक्कांनी ते ऐकलं असावं, कारण त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या आपण होऊन बोलल्या. "गये साल कानबाई मन्हा खाटलाजोडेथून गयी, मॅडम. माले उठता उनं नही."

कानबाई म्हणजे खानदेशातल्या घराघरांतली देवी. श्रावणात रविवारी तिला चौरंगावर बसवतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. लग्न होऊन आल्यापासून अक्कांनी तिला घराबाहेर नेलं होतं. आणि गेल्या श्रावणात त्या खाटेवर पडून देवीची पाठ बघत राहिल्या. सांगताना अक्का रडल्या नाहीत, मीच इकडेतिकडे पाहू लागले.

"चौरंग ते सून लई जाई. माले फक्त तिना म्होरे उंबरा वलांडना शे," अक्का म्हणाल्या.

झालं, मी कामाला लागले. धरून चालायच्या दोन समांतर दांड्यांमध्ये मी एक लाकडी पट्टी आडवी टाकली आणि ती ओलांडायचा सराव सुरू केला. दिवसभर माझं एकच पालुपद, "पाय उचला, अक्का. पाय उचला." त्यांचं पाऊल पट्टीवर जाऊन आपटायचं. नुसत्या अक्काच नव्हे, सगळेच तसं करायचे. यावलचे एक नाना होते, केळीच्या ट्रॉलीवरून पडलेले. ते तर पट्टीवर पाय ठेवून खुशाल विसावा घ्यायचे.

एका सकाळी अक्का पदराला पुडी बांधून आल्या. सुनेला खाली बसवून त्यांनी त्या पट्टीला हळदकुंकू लावायला सांगितलं.

"आते ठेवा बरं कोनी पाय," अक्का म्हणाल्या.

नाना दांड्या धरून उभे होते. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आता कसा ठेवू पाय, अक्का? तुम्ही तं देवच बसवला अठी."

आणि नानांनी पाय उचलला. माझ्या विनवण्यांना न बधणारा तो गुडघा कुंकवाला बघून वर आला. मी अक्षरशः टाळ्या पिटल्या. त्या दिवसापासून त्या पट्टीला चुकून पाऊल लागलं, तर माणसं दांडी सोडून नमस्कार करायला बघायची, आणि त्यांना आवरता आवरता माझी धांदल उडायची. अक्का खुर्चीत बसून सगळ्यांवर नजर ठेवायच्या. स्वतःची पाळी आली की ओठ आवळून कमरेतून पाय वर ओढायच्या. कधी जमायचं, कधी नाही. जमलं नाही की पायालाच दटावायच्या, "लाज वाटत नही का तुले?"

आषाढ संपता संपता पट्टी बहुतेक वेळा ओलांडली जाऊ लागली, आणि अक्कांनी मला कानबाईचं आमंत्रण दिलं. रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, फक्त भाऊबंदांनीच खायचा असतो, तेव्हा तो मिळणार नाही, पण देवी बघायला यायचंच, असं बजावलं.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या गावी पोचले, चपला काढून घरात गेले आणि दारातला उंबरा बघून तडक सुभाषभाऊंना गाठलं. जुना सागवानी उंबरा, आमच्या सरावाच्या पट्टीच्या दुप्पट उंच.

"भाऊ, हे आधी सांगायचं नाही का?"

"अक्कांनी मनाई केली होती," सुभाषभाऊ म्हणाले. "मॅडम नाही म्हणतील, म्हणे."

तोवर डफ वाजू लागला. सुनेने चौरंग डोक्यावर घेतला. पुढे अक्का, नवं लुगडं, हातात वॉकर. तो त्यांनी बाहेर टेकवला आणि उजवा पाय उंबऱ्यापलीकडे टाकला. डावा चवडा कडेला येऊन अडला. डफ थांबला. सुभाषभाऊंचा हात पुढे झाला, तो मी मागे ओढला.

अक्कांनी खाली उंबऱ्यावरच्या ताज्या हळदकुंकवाकडे पाहिलं. पाऊल जरासं मागे घेतलं, ओठ आवळले, आणि कमरेतून तो पाय वर, आणखी वर ओढला. पाऊल कुंकवाला न लागता पलीकडे गेलं.

बायका ओरडल्या, डफ दणाणला, मला काय करू न् काय नको असं झालं. चौरंग दारातून बाहेर पडला तशी मी धावतच त्याच्या मागून निघाले.

"मॅडम," वॉकरवर वळून बघत अक्का म्हणाल्या, "पाय उचल ना माय."

मी खाली पाहिलं. माझा पाय उंबऱ्यावर, बरोबर हळदकुंकवावर पडला होता.