नवमीला चालू झालेला सर्व्हर

"अहो, एक दिवस धीर धरवत नाही का तुम्हाला?" सुमतीकाकू फोनवर कडाडल्या. "नवमीला साइट बंद ठेवा म्हणून सांगितलं होतं. काल दुपारी धडधडीत चालू होती. माझ्या मैत्रिणीने उघडून बघितली."

दसऱ्याची सकाळ होती. बिबवेवाडीच्या आमच्या ऑफिसात ड्युटीवर मी एकटी. म्हटलं, "काकू, काल पूजेच्या आधी मी स्वतः बंद केली होती."

"मग माझी मैत्रीण थापा मारते का?"

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. "बघते," म्हणून फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. काकूंचा सर्व्हर चालू होता.

आमचं काम थोडक्यात सांगते. वेबसाइट ठेवायला एक कायम चालू असलेलं मशीन लागतं. प्रत्येकाला अख्खं मशीन परवडत नाही. मग आम्ही एका मोठ्या मशीनचे सोसायटीतल्या फ्लॅटसारखे भाग पाडतो आणि एकेक भाग भाड्याने देतो. त्याला म्हणायचं व्हीपीएस. प्रत्येक भाडेकरूची किल्ली वेगळी. पण सगळे फ्लॅट उघडणारी एक किल्ली आमच्याकडे असते. ती म्हणजे कंट्रोल पॅनल, ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान. तिथून कुठलाही सर्व्हर चालू-बंद करता येतो, आणि एका क्लिकवर आतही शिरता येतं. भाडेकरूचा पासवर्ड लागत नाही.

सुमतीकाकूंचं पुनर्विवाहासाठीचं वधूवर सूचक मंडळ होतं. घटस्फोटित, विधवा बायका, एकटे पुरुष. साइटवर फोटो आणि पहिलं नाव दिसायचं. आडनाव, फोन, पत्ता सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये, फक्त काकूंना दिसणारे. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो आणि त्या दिवशी ती वापरत नाही. काकूंचं म्हणणं, "माझं हत्यार म्हणजे ही साइट. तिलाही सुट्टी द्या." दरवर्षी आम्ही द्यायचो.

बंद केलेला सर्व्हर आपोआप चालू होत नाही. कोणीतरी पॅनलमधून चालू केला होता. मी लॉग उघडला. लॉग म्हणजे कोणी, कधी, कुठून काय केलं याची मशीनने आपणहून ठेवलेली नोंद. काल दुपारची नोंद होती: सर्व्हर चालू करून कोणीतरी आतही शिरलं होतं. लॉगिन आमचं, अ‍ॅडमिनचं. आणि कॉम्प्युटर बाहेरच्या हॉलमधला. पूजेतला!

मी धावत हॉलमध्ये गेले. कीबोर्डवर काल वाहिलेल्या अक्षता एका कडेला सारलेल्या होत्या. काही बटणांवरचं कुंकू पुसलं गेलं होतं. बाप्पा!

झालं होतं असं. आमचे मालक, देवधर सर, यांनी पूजेला मुद्दाम पॅनल उघडं ठेवलं होतं. चालू सर्व्हरपुढे ओळीने हिरवे दिवे. मी म्हटलं होतं, "सर, निदान स्क्रीन लॉक करू या."

"काळ्या स्क्रीनला कुंकू लावायचं का, शुभांगी? आणि एकदा हळदकुंकू वाहिलं की उद्यापर्यंत कीबोर्डला बोट लावायचं नाही. काही अडलंच तर आत लॅपटॉप आहेत."

थोड्या वेळाने स्क्रीन आपोआप बंद करणारा ऑटो-लॉकही त्यांनीच काढून टाकला. मग दिवसभर ग्राहक येत राहिले. दर्शन घ्यायचं, पेढा खायचा, निघायचं. मी आतल्या खोलीत. हॉलमध्ये सर आणि देवी.

सरांना फोन लावला. ते आधी हसले. "देवीनेच केला असेल चालू."

"सर, देवीला काकूंच्या डेटाबेसमध्ये काय काम?"

ते म्हणाले, "पोचतो."

तोवर मी काकूंना विचारून त्यांच्या सर्व्हरमध्ये शिरले. सर्व्हरवर दिलेल्या आज्ञा तिथेच साठून राहतात, मुद्दाम पुसल्या नाहीत तर. पुसलेल्या नव्हत्या. मला वाटलं होतं, सगळी यादी पळवली असेल. दुसऱ्या एखाद्या मंडळाला विकायला. तसं असतं तर मला एवढा धक्का बसला नसता. चोऱ्या आम्ही पाहिलेल्या असतात.

यादीला हात लावलेला नव्हता. शोधलं होतं एकच नाव. एका बाईचं. आणि तिचा पत्ता तेवढा बघितला होता.

मी काकूंना नाव सांगितलं. कायम तोंडाचा पट्टा चालू असलेल्या सुमतीकाकू पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, तिला नवरा मारायचा. म्हणून सोडलं तिने. घर बदलताना माहेरची माणसं आणि मी सोडून कोणाला पत्ता दिलेला नाही. त्याचं नाव नितीन. वेबसाइटा बनवतो."

देवधर सर नुकतेच दारातून आत आले होते. फोन स्पीकरवर होता. सरांनी मटकन खुर्चीत बसून घेतलं.

नितीनराव! आमच्याकडे येणारा त्या नावाचा एकच, आमचा रीसेलर. म्हणजे आमच्याकडून सर्व्हर घेऊन पुढे आपल्या ग्राहकांना देणारा. गोड बोलणारा, मला कायम "मॅडम" म्हणणारा. आमच्या पॅनलची त्याला खडान्‌खडा माहिती. सर म्हणाले, "काल आला होता. मी त्याच्यासाठी आत प्रसाद आणायला गेलो. परत आलो तर देवीसमोर हात जोडून उभा होता गं."

मला सरांवर ओरडावंसं वाटलं. ओरडलेही. "तुमच्या त्या हिरव्या दिव्यांपायी, सर!"

काकू दुसऱ्या फोनवरून तिला फोन लावत होत्या. ती उचलत नव्हती. "दसरा आहे गं," काकू म्हणाल्या, "आज सोनं द्यायला कोणीही दारात येतं. कोण कोणाला अडवतं?" दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन आलेल्या माणसाला घरात घेतात, चहा विचारतात. त्याला याहून चांगला दिवस मिळाला नसता.

ती राहायची विश्रांतवाडीला. मीही तिथलीच. सर म्हणाले, "तू नीघ. मी पोलीस चौकीत जातो." काकूंनी इमारतीचं नाव आणि फ्लॅट नंबर सांगितला, तेव्हा मला लाज वाटली. जो पत्ता कोणालाच द्यायचा नव्हता, तो आता मलाही कळला.

बिबवेवाडी ते विश्रांतवाडी म्हणजे अख्खं पुणं आडवं कापायचं. सिग्नलला सिग्नल झेंडूवाले. स्कूटर कशी चालवली, मला आठवत नाही. तिच्या दारावरची बेल वाजवली. आतून आवाज, "कोण?"

"तुम्ही मला ओळखत नाही. सुमतीकाकूंनी पाठवलंय."

"मग काकूंना फोन लावून माझ्याशी बोलायला द्या."

हुशार बाई. मी फोन लावून स्पीकरवर धरला. काकूंचा आवाज ऐकल्यावर दार साखळीएवढं उघडलं. माझ्याच वयाची असेल. हाताला कणीक लागलेली. सकाळपासून सणाच्या स्वयंपाकात होती, म्हणून फोन उचलला नव्हता. काकू सांगत गेल्या तसतसा तिचा चेहरा पांढराफटक पडत गेला. रडली नाही. एवढंच विचारलं, "त्याला फ्लॅट नंबरही कळलाय?"

"हो," मी म्हटलं.

"तुम्ही आत या आणि कडी लावा" असं ती म्हणाली. पण मला वाटलं, वॉचमनला आधी सांगावं. खाली गेले. गेटशी तो उभा होता. पांढराशुभ्र झब्बा, हातात आपट्याची पानं. वॉचमन त्याला हसून लिफ्ट दाखवत होता.

मला बघून नितीन क्षणभर चपापला. पण क्षणभरच. लगेच पुढे आला. "अरे वा, मॅडम, तुम्ही इथे? सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!"

आणि त्याने पानं माझ्यापुढे धरली.

असला निर्लज्जपणा मी जन्मात पाहिला नव्हता. मग जो आवाज फुटला तो माझा मलाच ओळखू आला नाही. "यांना वर सोडायचं नाही! पोलीस येतायत!" पहिल्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत आल्या. वॉचमन गोंधळून लिफ्टच्या दारात आडवा उभा राहिला.

"मी नुसतं सोनं द्यायला आलो होतो," नितीन म्हणाला. सगळ्यांकडे बघून, समजूतदारपणे. जणू वेडी मीच. पानं वॉचमनच्या टेबलावर ठेवली आणि चालत निघून गेला.

पोलिसांनी त्याला बोलावून तंबी दिली, आमची तक्रारही लिहून घेतली. त्याचे सर्व्हर सरांनी बंद केले, तर त्याने मला फोन करून विचारलं, "मॅडम, माझं काय चुकलं?" त्याला खरंच कळत नव्हतं की नाटक करत होता, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. ऑफिसात ऑटो-लॉक परत आला. पूजा अजून होते, स्क्रीन काळी ठेवून, आणि सर मुकाट्याने काळ्या स्क्रीनला कुंकू लावतात.

तिने एकच मागणी केली, "माझं नाव काढून टाका." मी ते डेटाबेसमधून काढलं, बॅकअपमधून काढलं, दोनदा तपासून खात्री केली. आमच्या धंद्यात काहीही बिघडलं तर परत जागेवर आणता येतं, असं आम्ही ग्राहकांना छातीठोकपणे सांगतो. पण माणसाने एकदा वाचलेलं त्याच्या डोक्यातून काढायची सोय कुठल्याच पॅनलमध्ये नाही. त्यामुळे मशीन आम्ही दुरुस्त केलं, आणि घर तिला बदलावं लागलं.

ती आता कुठे राहते ते काकूंना माहीत आहे. त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.