एका शब्दाचा जबाब

ती सकाळ मी विसरलेलो नाही. आठवली की आजही आधी स्वतःचाच राग येतो. बेंगळुरूच्या उत्तरेला, येलहंकाच्या बाजूला मी तेव्हा एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. मूळचा मी निपाणीकडचा. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि अंगात वर्दी चढली की डोकंही कन्नडातच चालायचं. सगळा घोळ तिथंच झाला.

सव्वानऊच्या सुमारास ठाण्यात फोन आला. जवळच्या वसाहतीतल्या एक बाई बोलत होत्या. त्यांचं म्हणणं असं की, शेजारची विधवा आपल्या तरण्याताठ्या मुलाला घरात कोंडून ठेवते. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, पण समज चार वर्षांच्या पोराएवढी. आज तो कसाबसा बाहेर पडलाय आणि जेवण मागतोय. सारखा 'ऊट, ऊट' करतोय. ऊट म्हणजे कन्नडात जेवण.

बीटवरचे दोघे शिपाई गेले. घराचं दार बंद, ओढलं की आपोआप लागणारं लॅच लागलेलं. त्यांनी बेल वाजवली, दार ठोठावलं, आतून उत्तर नाही. म्हणजे आई पोराला बाहेर काढून कुठंतरी निघून गेली, असा सरळ अर्थ त्यांनी लावला. मुलाला आणि फोन करणाऱ्या बाईंना घेऊन ते ठाण्यात आले. स्टेशन डायरीत तशी नोंदही झाली.

मी सकाळी एका कामासाठी बाहेर होतो. हेब्बाळच्या ट्रॅफिकमधून सुटून साडेदहाला ठाण्यात पोचलो, तर आमच्या पीएसआयनं कागद तयारच ठेवले होते.

"सार, आईवर गुन्हा घेऊ या. कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं. साक्षीदार बसल्यात इथंच."

मी मुलाकडं पाहिलं. बाकावर बसून तो पुढंमागं झुलत होता. डोक्याला तेल लावून भांग पाडलेला. नखं कापलेली. शर्टाची बटणं सगळी बरोबर, आणि खिशाला रुमाल पिनेनं टाचलेला, हरवू नये म्हणून. उपाशी मारलेलं माणूस असं दिसत नाही हो! इतकी वर्षं माणसं बघण्यात गेली, हे मला कळायला हवं होतं. दिसलं सगळं, पण मी त्यावर विचार केला नाही.

मी कन्नडात नाव विचारलं. उत्तर नाही. "ऊट बेका?" म्हणजे जेवायला पाहिजे का, असं विचारलं. तर तो एकदम उठला, माझा हात धरून दाराकडं ओढायला लागला. "ऊट! आ ऊट!" डोळ्यांतून घळाघळा पाणी. समोर इडलीची ताटली होती, तिला त्यानं बोटही लावलं नव्हतं. आणि मी शहाणा शिपायावर खेकसलो, "नुसती इडली काय आणता? भात आणा की!"

आज हे लिहितानाही तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

भात येईपर्यंत मी शेजारच्या बाईंचा जबाब घ्यायला बसलो. बाई चांगल्या होत्या, खोटं बोलणाऱ्या वाटल्या नाहीत. त्यांना खरंच त्या पोराचं वाईट वाटत होतं.

"तो तुमच्या दारात आला तेव्हा त्यानं नेमकं काय केलं?"

"हात धरला, सार. ओढायला लागला. मी घाबरले. भात कालवून दिला तर ताट ढकललं."

"कुठं ओढत होता?"

"त्यांच्याच घराकडं, सार."

माझं पेन थांबलं. भुकेलं माणूस अन्न असेल तिकडं जातं. हा तर वाढलेल्या ताटापासून लांब ओढत होता, आणि आत्ता मलाही दाराकडंच ओढत होता. मग याला हवंय तरी काय?

तेवढ्यात शिपायानं त्याच्यासमोर चहाचा ग्लास ठेवला. त्यानं बोट लावलं, झटकन मागं घेतलं आणि म्हणाला, "पोळतं."

पोळतं! अहो, हे कन्नड नाही, हिंदी नाही. हे माझ्या आईच्या स्वयंपाकघरातलं मराठी.

"हे लोक कुठले?" मी बाईंना विचारलं.

"महाराष्ट्रातले, सार. त्याचे वडील इथं सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते."

तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "बाळा, आई कुठाय रे तुझी?"

त्याचं झुलणं थांबलं. माझ्या तोंडाकडं तो बघतच राहिला. मग त्यानं टेबलावर डोकं आडवं टेकलं, डोळे मिटले, आणि तसाच म्हणाला, "आई ऊट. आई ऊट नाही."

त्याला ठ म्हणता येत नव्हता. तो सकाळपासून जेवण मागतच नव्हता. 'ऊठ' म्हणत होता. आई ऊठ. आई उठत नाही.

त्याला घेऊन जीप काढली. दार फोडायला पंच म्हणून त्या शेजारच्या बाईंनाच घेतलं. घरात शिरल्यावर तो सरळ मागच्या न्हाणीघराकडं धावला. त्याची आई तिथं ओल्या फरशीवर पडलेली होती. सातच्या आसपास पाय घसरला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. अंग गार पडलेलं, शुद्ध येत-जात होती. आणखी दोन तास गेले असते तर कठीण होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. आधीच वाया गेलेल्या वेळातला सव्वा तास आमच्या ठाण्यात गेला होता. तो मी कुणाच्या नावावर लिहू?

स्ट्रेचरवर घेताना तिनं डोळे उघडले. मुलाला बघितलं, मग मला. "हा एकटा बाहेर गेला?"

"हो. तुमच्यासाठी माणूस आणायला गेला होता."

"त्याला जमतं हे?" ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून राहिली.

गुन्ह्याचे कागद मी फाडले. पण पोराला कोंडून ठेवण्याबद्दल विचारणं भाग होतं. ऑपरेशननंतर चार दिवसांनी विचारलं. "एकदा निघून गेला होता, साहेब. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी सापडला. तेव्हापासून भाजीला गेले तरी कुलूप लावते. लोक नावं ठेवतात, ठेवू देत."

खरा प्रश्न पुढंच होता. दोन महिने तिला उठता येणार नव्हतं. चार दिवस पोरगा तिच्या खाटेजवळच होता, पुढं त्याला ठेवायचं कुठं? पीएसआयनं सरकारी आश्रमाचं नाव काढलं. तशी त्याची आई पडल्यापडल्या तडक म्हणाली,

"तिथं याचं बोलणं कुणाला कळणार? मी गेले असते त्या दिवशी, तर हा कुणाशी बोलला असता हो?"

उत्तर दिलं ते कोपऱ्यात उभ्या असलेल्या, फोन करणाऱ्या शेजारणीनं. "सरी, सार. ठीक आहे, मी ठेवते. पण मला त्याचे शब्द सांगा म्हणावं."

मग रोज संध्याकाळी आमची एक महिला शिपाई हॉस्पिटलात जाऊन बसायची. आई सांगायची, ती शेजारणीसाठी कन्नड लिपीत वहीत लिहायची. 'पोळतं' म्हणजे गरम. 'भू' म्हणजे पाणी. 'बाबा आले' म्हणजे संडासला जायचंय, कारण वडील कामावरून आले की त्याला आधी तिकडं न्यायचे. तेवीस वर्षं हे सगळं एकाच बाईच्या डोक्यात होतं. घरात चोर शिरू नये म्हणून तिनं दोन कड्या बसवल्या होत्या, आणि मुलाचं अख्खं बोलणं मात्र तिच्या एका श्वासावर टांगलेलं होतं.

ती घरी आल्यावर मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. एक किल्ली शेजारी द्या. आणि जिवंत असतानाच त्याला तुमच्याविना राहायची सवय लावा, मेल्यावर नको. ती चिडली माझ्यावर. "बोलायला सोपं आहे, साहेब," म्हणाली. खरंच होतं तिचं.

चोर-दरोडेखोर पुष्कळ पकडले, त्यांनी मला फारसं काही शिकवलं नाही. या प्रकरणानं शिकवलं. असं मूल असलेल्या घरी गेलो की मी आता जेवणखाण, औषधपाणी विचारत नाही. ते आईबाप करतातच, जीव ओतून करतात. मी विचारतो, तुमच्याखेरीज याचं बोलणं आणखी कुणाला कळतं? बहुतेक ठिकाणी आईबाप एकमेकांकडं बघतात. तेव्हा मी उठत नाही, चहा घेतो आणि शेजारी कोण राहतं ते विचारतो.

वर्षभरानं तिचा फोन आला. ती मुद्दाम आठ दिवस बेळगावला बहिणीकडं जाऊन आली होती. पोरगा शेजारणीकडं. आवाज ऐकून मला वाटलं, रडतेय, काहीतरी विपरीत घडलं.

"साहेब," ती म्हणाली, "मी दारात आले, हाक मारली. तो त्यांच्याबरोबर शेंगा सोलत बसला होता. माझ्याकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही हो त्यानं!"

इतक्या आनंदात मी तिला कधी ऐकलं नव्हतं.